डेल्फीनच्या डोक्याचा साचा

मंगळवारी सकाळी पिशवी हलकी लागली.

दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण व्हर्लीन टगल ही अडतीस वर्षं अटलांटाच्या नैऋत्येला स्वतःचं सलून चालवलेली बाई. आपल्या खुर्चीभोवतीची प्रत्येक वस्तू तिला हाताने पाठ असायची. कागदी पिशवी आदल्या संध्याकाळी तिने खणात ठेवली तेव्हा फुगलेली होती, आणि आज ती खालमानेने बसली होती. व्हर्लीनने आत बघितलं. निम्मं गुंतवळ गायब.

आता ही पिशवी काय भानगड आहे ते सांगायला हवं. रोज काम संपलं की डेल्फीनच्या केसांतून निघालेलं गुंतवळ व्हर्लीन कंगव्यातून, टॉवेलवरून, बेसिनच्या जाळीतून वेचून काढायची आणि त्या पिशवीत घालायची. शुक्रवारी पिशवी घरी न्यायची आणि मागच्या अंगणात लोखंडी तव्यावर जाळायची. तिची आई हेच करायची, आजीही हेच करायची. गुंतवळ उघड्यावर टाकलं आणि पाखराने घरट्यात नेलं की वर्षभर डोकं ठणकतं. आणि माणसाच्या हाती लागलं तर तो त्याचं काय करील हे बोलून दाखवायचं नसतं. व्हर्लीन हे सगळं मानायची का? विचारलं असतंत तर "काहीतरीच काय" म्हणून तिने तुम्हाला उडवून लावलं असतं. शुक्रवारी काडी मात्र ओढलीच असती.

ज्या डोक्याचं हे गुंतवळ, ती डेल्फीन यारब्रो. मेकन गावची, एकतीस वर्षांची, उंचीला सहा फुटाला एक इंच कमी. 'दूरची कक्षा' नावाच्या अवकाशातल्या मालिकेत ती सेव्हीचं काम करायची, आणि गेले चार महिने सेटवर तिचे केस व्हर्लीन करत होती. सेव्ही म्हणजे यानाला वाट दाखवणारी बाई. डेल्फीन जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या कागदावर 'मुलगा' असं लिहिलं गेलं होतं. बाविसाव्या वर्षी तिने आईला समोर बसवून सांगितलं की ते चुकीचं आहे, मी बाई आहे, आणि त्या दिवसापासून डोक्याला कात्री लावू दिली नाही. नऊ वर्षांचे केस. बारीक वेटोळ्यांचे, दाट, डोक्याभोवती भरगच्च उभे राहणारे, कुठेही सरळ केलेले नाहीत की भाजलेले नाहीत. टीव्हीवरच्या अवकाशयानांत काळी बाई असलीच तर तिचे केस एकतर इस्त्री मारल्यासारखे सरळ, नाहीतर डोकं सफाचट. जणू चार हजार साल उजाडेपर्यंत आपल्या केसांचा वंशच खुंटलेला. त्यामुळे सेव्ही पडद्यावर आली तेव्हा गावोगावच्या पोरींनी डोक्याला तेल लावून, केस फुलवून आपले फोटो डेल्फीनला पाठवले. ती ते आरशाच्या कडेला खोचून ठेवायची.

करारात तिने एक ओळ घालून घेतली होती. केस कापायचे नाहीत, भादरायचे नाहीत, सरळ करायचे नाहीत. पण गेल्या महिन्यापासून कुजबुज सुरू झाली होती की या हंगामाच्या शेवटी सेव्ही 'स्त्री-पुरुषाच्या पलीकडे' जाणार. आणि टीव्हीवाल्यांना कुणाला स्त्री-पुरुषाच्या पलीकडे न्यायचं असलं की पहिला वस्तरा कुणाच्या डोक्यावर फिरतो ते व्हर्लीनला नवं नव्हतं. डेल्फीनला तर त्याची झोपेतही धास्ती होती.

"केस गेले तर केस येतील," ती एकदा म्हणाली होती, "पण मिस व्हर्लीन, नऊ वर्षं झगडून मी आरशात जी बाई आणून बसवली, तिला हे लोक एका दुपारात पुसून टाकतील आणि वर म्हणतील, किती धाडसी."

तेव्हापासून व्हर्लीन त्या डोक्यावर पहारा बसवल्यासारखी वागत होती. आणि आता त्याच डोक्याचं गुंतवळ कुणीतरी पळवलं होतं.

संशय कुणावर? पहिला ब्रिजेटवर. ब्रिजेट विगच्या खोलीची मुख्य, गोरी, चाळिशीची, हाताला अत्यंत हुशार आणि तोंडाची गोड. एकसष्ट वर्षांच्या बाईला ती नुसतं 'व्हर्लीन' म्हणायची, मागेपुढे 'मिस' नाही की काही नाही. तीन आठवड्यांमागे तिने दारात उभं राहून मागितलं होतं, "व्हर्लीन, डेल्फीनचे चिमूटभर केस द्याल का?" व्हर्लीनने कंगव्यावरून नजरही न उचलता सांगितलं होतं, "नाही." कशासाठी, हे ब्रिजेटने सांगितलं नाही आणि व्हर्लीनने विचारलं नाही. डोक्याचं गुंतवळ मागणाऱ्याला कारण विचारायचं नसतं, दार लावायचं असतं, असं तिला लहानपणी शिकवलं होतं.

दुसरा संशय मिस्टर व्हिटलॉकवर. निर्माता. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलणारा माणूस. व्हर्लीनच्या खांद्यावर त्याने एकदाच ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी तिने पिशवीचं तोंड तिच्या आईच्या पद्धतीने काळ्या दोऱ्याने बांधलं, डावीकडून तीन वेढे आणि शेवटी गाठ आत खुपसलेली. बुधवारी सकाळी गाठ बाहेर होती आणि वेढे दोन.

"बरं," व्हर्लीन स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे भुताटकी नाही. हातवाला आहे कुणीतरी."

ती पिशवी हातात घेऊन तशीच उभी असताना डेल्फीन आली. सॅटिनची टोपी डोक्यावर, हातात सॉसेज भरलेलं पावासारखं बिस्किट, अर्धं खाल्लेलं. ती खुर्चीत बसली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली.

"मिस व्हर्लीन, एक विचारू?"

"विचार."

"माझे केस तुम्ही रोज त्या पिशवीत घालून घरी का नेता?"

व्हर्लीनने वर बघितलं. डेल्फीनची मान ताठ होती, आणि माणूस तोंडाने काहीही बोलो, मानेने दुसरंच सांगत असतो हे व्हर्लीनला धंद्याने शिकवलं होतं. ही पोर घाबरली होती आणि तिचा संशय आपल्यावर होता.

"कुणी काय सांगितलं तुला?"

"सांगितलं नाही कुणी. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलंय की सेव्हीचं टक्कल होणार. आतली बातमी म्हणे. आत कोण असतं माझ्या जवळ? तुम्ही. शिवाय रोज संध्याकाळी तुम्हाला बघते, इकडेतिकडे बघत माझे केस गोळा करताना. विकता का कुणाला?"

अडतीस वर्षांत व्हर्लीनला कुणी चोर म्हटलं नव्हतं. रागाने तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण पोरीचा आवाज थरथरत होता, म्हणून ती राग गिळून म्हणाली, "जाळते."

"काय?"

"जाळते. शुक्रवारी. मागच्या अंगणात, तव्यावर. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. हस आता."

डेल्फीन हसली नाही. बिस्किट तिने हळूच टेबलावर ठेवलं. "माझी आजी खिडकीतल्या डब्यात ठेवायची," ती म्हणाली. "मी न्यूयॉर्कला निघाले तेव्हा म्हणाली, तुझं गुंतवळ हॉटेलात टाकू नकोस. मी तिला वेडी म्हटलं होतं." मग ती खुर्चीत बसली आणि टोपी काढली. "सॉरी, मिस व्हर्लीन. माझं डोकंच ठिकाणावर नाही सध्या."

"डोकं ठिकाणावर आहे, माझ्या हातात आहे," व्हर्लीन म्हणाली. "पण पिशवीतलं कुणीतरी नेतंय. तुझ्या वाईटावर कोण आहे सांग बघू."

"यादी देऊ? दुपार होईल."

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा टाचण्या मागायचं निमित्त करून व्हर्लीन विगच्या खोलीत गेली. आत कुणी नव्हतं. फळीवर कॅनव्हासची डोकी ओळीने मांडलेली, कुणावर पांढरे केस, कुणावर निळे, परग्रहावरच्या राजघराण्याचे. खालच्या खणात तिला हवं ते सापडलं. बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, आत डेल्फीनचं गुंतवळ, नीट धुऊन, विंचरून, लांबीप्रमाणे जुळवून ठेवलेलं. केसांना लालसर झाक देणारं पाणी व्हर्लीननेच लावलं होतं, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. "सटवे," ती पुटपुटली आणि पिशवी तिने खिशात कोंबली.

तेवढ्यात तिला साचा दिसला.

विग करायचा असला की डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळतात, वरून चिकटपट्टीचे थर देतात, आणि कपाळावरून कानापर्यंत केस जिथून सुरू होतात ती कड काळ्या पेनाने आखून घेतात. काढलं की त्या माणसाच्या डोक्याचं कवच हातात येतं. असंच एक कवच खणाच्या तळाशी होतं, त्यावर ठळक अक्षरांत 'सेव्ही' लिहिलेलं. व्हर्लीनने ते उचललं. मोठं होतं. आणि त्यावर आखलेली कड बाईची नव्हती. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत मागे सरकलेली, मधे टोक, कानाजवळ चौकोनी. अशा कडा तिने शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात रोज बघितल्या होत्या.

ती बराच वेळ ते कवच हातात धरून उभी राहिली. मग तिने ते होतं तिथे ठेवलं, खण लावला आणि बाहेर आली. टाचण्या न्यायच्या राहिल्याच.

डेल्फीनने विचारलं, "काय झालं?"

"सापडलं. ब्रिजेटने नेलं होतं. रंग जुळवायला हवं असेल काहीतरी."

"रंग? कशाला जुळवायला?"

"विचारलं नाही."

आरशातून डेल्फीन तिच्याकडे बघत राहिली. "तुम्ही विचारलं नाही? तुम्ही?"

"मान खाली कर," व्हर्लीन म्हणाली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. व्हर्लीनने कुणाला काही विचारलं नाही. तिची पिशवीवाली चोर सापडली होती, पुरावा खिशात होता, आणि एरवी अशा वेळी ती विगच्या खोलीत जाऊन ब्रिजेटची अशी हजेरी घेती की निळ्या केसांच्या राण्या फळीवरून खाली उतरल्या असत्या. पण ती गप्प बसली. तिचे हात डेल्फीनच्या केसांत फिरत होते आणि कामाकडे लक्ष नव्हतं. तिच्या बोलण्यातही काहीतरी बदललं होतं. ती जास्त गोड बोलायला लागली होती, आजारी माणसाशी बोलतात तसं. डेल्फीनच्या ते लक्षात आलं, आणि तिने आरशाकडे बघून गप्पा मारायचं सोडून दिलं. आता दोघी एकमेकींकडे चोरून बघायच्या.

सोमवार केस धुवायचा दिवस. डेल्फीनने मान मागे टाकली, डोळे मिटले, व्हर्लीनने कोमट पाणी सोडलं. साबण लावता लावता तिची बोटं कपाळाच्या कडेवर आली आणि तिथेच रेंगाळली. डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्याकडे, हळूहळू, मग पुन्हा उलट. मग कानाच्या मागे. दाबून, चाचपत.

"काय शोधताय, मिस व्हर्लीन?"

"काही नाही."

"तुम्ही काहीतरी शोधताय."

"साबण राहिलाय का बघते."

डेल्फीनने डोळे उघडले. पाणी वाहत होतं. व्हर्लीनच्या बोटांखाली कातडी गुळगुळीत होती, कुठेही शिवण नाही, वळ नाही, टाक्याची खूण नाही. कड सुरुवातीपासून जिथे होती तिथेच होती, गोल, खालपर्यंत उतरलेली, कडेला बाळकेसांची बारीक लव. गेले चार महिने आठवड्याला आठवड्याला ती हेच डोकं धूत होती. डाव्या कानामागे एक खळगा आहे, टाळूवर दोन भोवरे आहेत, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्या कवचाला भोवऱ्यांच्या जागी आखलेलं एकच वर्तुळ होतं. आणि त्याची चिकटपट्टी नवी कोरी होती, पिवळी पडलेली नव्हती. हे बुधवारीच तिला दिसलं होतं. दिसलं होतं आणि तिने ते बाजूला सारलं होतं.

"अरे देवा," व्हर्लीन म्हणाली.

तिने डेल्फीनच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला, "हललीस तर बघ" म्हणाली आणि ओल्या हातांनी थेट विगच्या खोलीत गेली. ब्रिजेट खिडकीपाशी बसली होती. समोर कॅनव्हासच्या मोठ्या डोक्यावर विग, जवळजवळ पुरा झालेला. दाट, बारीक वेटोळ्यांचा, लालसर झाकेचा. इतका हुबेहूब की व्हर्लीनचा हात आपोआप कंगव्यासाठी खिशाकडे गेला. कपाळाच्या कडेचे केस तर खरे होते, डेल्फीनचेच, व्हर्लीनने पिशवी परत नेण्याआधी वापरून झालेले.

"कुणाचं डोकं आहे हे?" व्हर्लीनने विचारलं.

ब्रिजेट गडबडली, पण खोटं बोलली नाही. "ट्रेंटचं. उद्याच्या उडीसाठी. सेव्ही मनोऱ्यावरून पडते ना, ती डेल्फीन नाही पडणार, तिच्या जागी ट्रेंट पडणार. स्टंट करतो तो."

"ट्रेंट म्हणजे तो लाल मानेचा? जॉर्जियातल्या उन्हाने भाजलेला?"

"रंग लावणार त्याला. तोंडाला, हातांना."

"पुरुष आहे तो. आणि गोरा आहे."

"मला माप दिलं, मी विग केला, व्हर्लीन." ब्रिजेटने सुई खाली ठेवली. "मी वर विचारलं होतं, बाई का नाही म्हणून. तर म्हणाले, इतकी उंच बाई मिळणार नाही. आणि म्हणाले..." ती थांबली.

"बोल ना. एवढं सगळं केलंस, तर आता बोलायलाही लाज नको वाटू देऊस."

"म्हणाले, तिच्या बाबतीत तसाही काय फरक पडतो."

खिडकीबाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. तिची चाकं करकरत होती.

"कोण म्हणालं? व्हिटलॉक?"

ब्रिजेटने होकारार्थी मान हलवली. "आणि केस मी तुमच्याकडे आधी मागितले होते. तुम्ही नाही म्हणालात. कशाला हवेत म्हणून विचारलं असतंत तर मी तेव्हाच सांगितलं असतं, तीन आठवडे हातात होते. मला वाटलं, पिशवीत टाकलेत म्हणजे कचराच आहे."

व्हर्लीनने वळून दार ओढून घेतलं. ती परत आली. डेल्फीन टॉवेल गुंडाळून तशीच बसली होती, न हलता. व्हर्लीनने तिच्यासमोर स्टूल ओढलं, आरशातून नव्हे तर समोरासमोर बसली आणि सगळं सांगितलं. ट्रेंट, रंग, विग, आणि ते एक वाक्यही. ते गाळावं असं तिच्या मनात आलं होतं, पण पुरे झालं होतं गाळणं.

डेल्फीन ऐकून घेत होती. रडली नाही, ओरडली नाही. शेवटी म्हणाली, "वस्तऱ्याची भीती धरून बसले होते मी. आणि यांनी केस तसेच ठेवून बाईच काढून घेतली."

मंगळवारी सकाळी सात वाजता चित्रीकरणाच्या गोदामात मनोरा उभा होता, खाली गाद्या रचलेल्या, दीडशे माणसं कॉफी पीत ताटकळलेली. रंगाच्या खोलीत ट्रेंट बसला होता. अर्धं तोंड तपकिरी, अर्धं गुलाबी, डोक्यावर तो विग. डेल्फीन दारात आली. अंगात घरचेच कपडे, केस न विंचरलेले, कालच्या धुण्यानंतर आखडून डोक्याशी आलेले. मागे व्हर्लीन. ट्रेंट ताडकन उठला.

"मॅडम," तो म्हणाला, आणि पुढे काय बोलावं ते त्याला कळेना. "मला फक्त वेळ आणि जागा सांगितली होती. शपथेवर."

"बस," डेल्फीन म्हणाली. "तुझ्यावर राग नाही." ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. आरशात दोघं शेजारी शेजारी दिसत होती, सारख्याच केसांची. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि त्याने नजर वळवली. विगवरून बोटं फिरवायला तिने हात उचलला आणि मधेच खाली घेतला.

व्हिटलॉक पंधरा मिनिटांनी आला, हसतमुख. "डेल्फीन, काय झालं? तीन सेकंदांचं दृश्य आहे, आणि पाठमोरं. कुणाला कळणार सुद्धा नाही."

"मला कळेल."

"अगं, उंचीचा प्रश्न आहे. बाई मिळालीच नाही."

"शोधली होती?"

"अर्थात."

"मग ब्रिजेटला जे म्हणालात ते इथे म्हणा. माझ्या बाबतीत काय ते. मी बसलेय."

व्हिटलॉकने ब्रिजेटकडे बघितलं, ब्रिजेटने जमिनीकडे. रंगवणाऱ्या दोन पोरी स्पंज हातात धरून थिजल्या होत्या. दारात गर्दी जमली होती.

"ते वाक्य तसं नव्हतं," तो म्हणाला.

"कसं होतं मग?" हे व्हर्लीन बोलली. "सांगा ना, साहेब. आम्हाला ऐकायचंय. माझं वय झालंय, जरा मोठ्याने सांगा."

तो फोन काढून गर्दीतून बाहेर पडला. डेल्फीन खुर्चीतून उठली नाही, सेव्हीचे कपडे चढवले नाहीत, उडीआधीचं तिचं दृश्य अडलं, आणि दीडशे माणसं कॉफी पीत राहिली. साडेनऊला कार्यालयातून निरोप आला की आजची उडी रद्द, दुसरी दृश्यं घ्यायची. अकराला आणखी एक निरोप आला. मेम्फिसला एक स्टंटवाली आहे, पाच फूट अकरा, काळी, बारा वर्षांचा अनुभव. ती पहिल्या दिवसापासून यादीत होती. यादी कुणी उघडलीच नव्हती.

ट्रेंटने तोंड धुतलं आणि जाताना डेल्फीनला सलाम केल्यासारखी मान तुकवली. विग त्याने ब्रिजेटकडे न देता व्हर्लीनच्या टेबलावर आणून ठेवला. त्याला काय सुचलं कोण जाणे.

मग दोघीच राहिल्या. बाराला डेल्फीनचं यानाच्या आतलं दृश्य होतं, केस व्हायचे होते. व्हर्लीनने पाण्याची बाटली घेतली, शियाच्या बियांचं लोणी तळहातावर चोळून पातळ केलं, रुंद दातांचा कंगवा उचलला. मनातून ती खूश होती. जिंकलो होतो आपण. तिला वाटत होतं, पोरगी आता हसेल, आता काहीतरी चावट बोलेल व्हिटलॉकच्या तोंडाबद्दल.

डेल्फीन आरशाकडे बघत म्हणाली, "तो साचा तुम्ही बुधवारी बघितलात."

व्हर्लीनचा हात थांबला. "हो."

"आणि मला सांगितलंत काल."

"हो."

"चार महिने माझं डोकं धुताय. ते माझं नाही हे तुम्हाला हातात घेतल्या घेतल्या कळायला हवं होतं. पिशवी पाव तोळ्याने हलकी झालेली कळते तुम्हाला." ती हळू बोलत होती, एकेक शब्द तपासून. "मग बुधवारी तुम्हाला काय वाटलं, मिस व्हर्लीन?"

खोटं बोलता आलं असतं. घाईत होते, चष्मा नव्हता, काहीही. व्हर्लीन साठ वर्षांत बऱ्याच जणांशी बरंच खोटं बोलली होती, आणि त्यातलं निम्मं कुणाला दुखवू नये म्हणून.

"मला वाटलं, तुझाच आहे," ती म्हणाली. "जुना. आधीचा. मला वाटलं, तुझी कड पूर्वी अशी असेल, आणि मग तू कपाळाचं ऑपरेशन करून घेतलं असशील. करतात ना. वाटलं, तुझी लपवलेली गोष्ट माझ्या हाती लागली. म्हणून गप्प बसले. तुझी अब्रू राखायला."

"पुरुषाचं डोकं होतं म्हणून माझं वाटलं."

व्हर्लीनने मान डोलावली. आरशात बघायचं तिला धैर्य झालं नाही.

"काल साबण लावताना तुम्ही टाके शोधत होता."

"हो, बाळा."

बाहेर कुणीतरी अर्धा तास राहिला म्हणून ओरडून गेलं. मग डेल्फीनने मान न वळवता खांद्यावरून हात मागे केला, तळवा वर. व्हर्लीनला वाटलं, हात धरायला केलाय, आणि तिने आपला हात पुढे केला. पण डेल्फीनने तिच्या दुसऱ्या हातातला कंगवा काढून घेतला.

"उद्या सहाला या, मिस व्हर्लीन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आज माझं मी बघते."

व्हर्लीन गेली नाही. भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसली, लोणी चोळलेले हात मांडीवर ठेवून. डेल्फीनने केस ओले केले, चार भाग केले, टोकापासून वर सोडवत आणले. तिला येत होतं, वाईट नव्हतं. मागचा भांग मात्र तिने अंदाजाने पाडला आणि तो तिरका गेला, डावीकडे चांगला दोन बोटं. आरशात तो तिला दिसण्यासारखा नव्हता. व्हर्लीनला दिसत होता. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दाराशी कुणीतरी डेल्फीनला हाक मारली, ती उठली, आणि तशीच कॅमेऱ्यासमोर गेली.